टोचतंय का कुठे?

थेंबकाकांना दुकानातून एखादी वस्तू घ्यायला आजवर कधी वेळ लागला नव्हता. नळाची तोटी असो नाहीतर स्वतःचा शर्ट, उचलायची, उलटीपालटी करून बघायची, पटली तर घ्यायची, नाहीतर जागेवर ठेवून बाहेर पडायचं. म्हणूनच बुटांच्या दुकानात ही तिसरी खेप झाली तरी आपण स्टुलावर नुसते बसून का आहोत, हे त्यांचं त्यांनाच समजेना.

"टोचतंय का कुठे?" दुकानदाराने विचारलं.

"नाही."

"आणि मघाचा जोड?"

"तोही बरा होता."

"त्याच्या आधीचा?"

"तोही बरा होता की."

दुकानदाराने हातातला खोका खाली ठेवला. "काका, त्याच्या आधीचा तुम्हाला एक नंबर लहान होता. माझ्या हातून चुकून दुसरा खोका आला होता. आणि तुम्ही तो घालून दुकानात फेऱ्या मारल्यात."

"असेल," काका म्हणाले. "माझे पाय जरा समजूतदार आहेत."

दुकानदार हसला, काकाही हसले, पण मनातून ते खट्टू झाले. लोक बूट घालतात आणि लगेच म्हणतात, हा नको, तो दे. यांना ते कळतं तरी कसं?

थेंबकाका म्हणजे नळदुरुस्ती करणारे. पाण्याचा थेंब नेमका कुठल्या सांध्यातून येतोय हे शोधल्याशिवाय ते उठत नसत, म्हणून सगळी वस्ती त्यांना या नावाने ओळखायची. दुरुस्ती झाली की सिंक काठोकाठ भरायचं, खाली वर्तमानपत्राचा कागद पसरायचा आणि तिथेच फतकल मारून चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत कागद कोरडा राहिला तर काम पुरं. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, जा आता, नाही गळत. काका म्हणायचे, तुम्ही म्हणून काय उपयोग, कागदाने म्हणायला पाहिजे.

काकू शाळेची बस चालवायच्या. लग्नानंतर काकांच्याच मोटारसायकलवर गाडी शिकल्या आणि वर्षभरात त्यांच्यापेक्षा सफाईने चालवायला लागल्या. हे काकांनी चारचौघांत कधी कबूल केलं नाही. त्याच दिवसांत त्यांनी बायकोला शब्द दिला होता की डोंगरापलीकडे जे मोठं तळं आहे, तिथवर तुला मोटारसायकलवरून नेईन, पुढे मी, मागे तू. पण पिशव्या भरून झाल्या की नेमका कुणाच्या तरी घरी पाइप फुटायचा. असं एकदा नाही, इतक्यांदा झालं की काकूंनी पुढे पुढे पिशवी भरणंच सोडून दिलं.

यंदा मात्र काकांनी हातातली कामं धंद्यातल्या जोडीदारावर सोपवली होती. शाळेला सुट्टी लागणार होती. काकूंचा धाकटा भाऊ दरवर्षी आठदहा मोटारसायकली घेऊन त्याच रस्त्याने जायचा, त्याने दोघांची नावंही घातली होती. अट एकच. "दाजी, पाणी आत न येणारे, घोटा झाकणारे, आणि दिवसभर घालून त्रास न देणारे बूट पाहिजेत. मागच्या वर्षी एक जण कापडी बुटांत आला. वरच्या वळणांवर पाऊस लागला, पाय गारठले, ब्रेकवर पाय नीट पडेना, शेवटी त्याला निम्म्यातून परत पाठवला. बूट नसतील तर मी दाजी-बिजी काही बघणार नाही."

अशी ती इतकी वर्षं पुढे ढकललेली सहल आता बुटांच्या एका जोडावर अडली होती, आणि जोड काही ठरत नव्हता. मेहुणा म्हणत होता, नडगीपर्यंत उंच घ्या. दुकानदार म्हणत होता, उंच बुटांत तुमच्या वयाला चालणं जड जाईल, घोट्यापर्यंतचे घ्या. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणत होते, कशाला पैसे घालवता, साधे बूट घाला आणि वरून रबरी आवरण चढवा. एकाला चेन नको होती, दुसऱ्याला लेस नको होती. सोल कडक हवा की मऊ यावर तर मेहुण्याची आणि दुकानदाराची फोनवर चांगलीच जुंपली. काकांच्या डोक्याचा पार भुगा झाला. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. शेवटी तुमच्या पायाला काय बरं वाटतं ते बघा, असं प्रत्येक जण सांगायचा. आणि काकांच्या पायाला सगळंच बरं वाटत होतं.

"जरा वेंधळे झालेत अलीकडे," काकू भावाला म्हणाल्या. "परवा मास्तरांकडून येताना एक चप्पल वाटेत सांडून आले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, आणि घरात येऊन आरामात पेपर वाचत बसले. मी विचारलं तेव्हा खाली बघितलं."

मेहुण्याने हा किस्सा सगळ्या गटात सांगितला आणि हशा पिकवला. काका स्वतःही तो रंगवून सांगायला लागले. गाडीचा गिअर अलीकडे पडतोय की नाही ते कळत नाही, म्हणून त्यांनी दोनदा मेकॅनिकलाही धारेवर धरलं होतं. मेकॅनिक शपथेवर सांगत होता की गिअर लोण्यासारखा पडतोय.

त्या तिसऱ्या खेपेला दुकानदाराने शेवटी हात टेकले. त्याने मधल्या उंचीचा, बाजूला चेन असलेला एक जोड खोक्यात घातला आणि म्हणाला, "घरी न्या. घरात घालून हिंडा, वाटलं तर भिजवूनही बघा. नाही पटला तर परत आणा, पण काय तो निकाल लावा."

भिजवून बघा म्हटल्यावर काकांचा चेहरा उजळला. हे काम त्यांना येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू बस लावून घरी आल्या, तर न्हाणीघराचं दार सताड उघडं. आत थेंबकाका स्टुलावर बसलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एक पाय कपडे भिजवायच्या टबात, दुसरा बादलीत, दोन्ही पायांत नवे बूट, पाणी घोट्याच्या दोन बोटं वर, आणि हातात चहाचा कप.

"हे काय आरंभलंय?"

"तपासणी."

"मग आत कागदाचे बोळे घालून नुसते बूट बुडवायचे ना. सिंकखाली कागद पसरल्याशिवाय तुमचा चहा घशाखाली उतरत नाही."

"सिंकच्या आत पाय नसतो," काका म्हणाले. "इथे अख्खा पाय आत आहे. पाण्याचा टिपूस गेला तरी कळेल. कागदापेक्षा पाय हुशार."

काकूंनी कपाळाला हात लावला आणि त्या हातपाय धुवायला मोरीकडे गेल्या. काकांनी चहा चवीने संपवला. मग मन लावून विचार केला. पाय ओले वाटतात का? नाही. गार वाटतात का? नाही. कुठे दाटतंय, घासतंय? अजिबात नाही. इतक्या दिवसांच्या गोंधळातून सुटल्यासारखं त्यांना वाटलं, आणि खरोखरच आनंद झाला. त्यांनी तिथूनच मेहुण्याला फोन लावला. "बूट ठरले. हाच जोड. मघापासून पाण्यात बसलोय, आत कोरडे ठणठणीत. आम्ही येतोय असं समज."

मग त्यांनी हाक मारली, "अगं, जरा बूट ओढायला ये. वाकलं की पोट आडवं येतं."

काकू आल्या, खाली बसल्या, आणि त्यांनी डावा पाय टबातून बाहेर घेतला. "केवढा जड झालाय हो," असं म्हणत त्यांनी चेन खाली ओढली. आतून पाण्याचा लोट आला. न्हाणीघरभर पसरला, काकूंच्या साडीचा काठ भिजला. बुटाचा तसा दोष नव्हता. चेनच्या मागची पाणी अडवणारी झडप जिथे संपत होती, त्याच्या वरपर्यंत काकांनीच पाणी भरलं होतं.

काकूंना आधी हसू फुटलं. "काय चेष्टा करता माझी. कोरडे ठणठणीत म्हणे." मग त्यांनी वर बघितलं. काका हसत नव्हते. ते आपल्या मोज्याकडे बघत होते. मोज्यातून धार लागली होती.

"तुम्हाला कळलं नाही?"

काकांनी कसंबसं वाकून मोज्याला हात लावला. हाताला मोजा गार लागला, ओलाचिंब लागला. इतकी वर्षं याच हाताने त्यांनी थेंब शोधले होते, हात चुकणं शक्य नव्हतं. त्यांनी मोजा हाताने दाबला, पाणी बोटांमधून निथळलं. पाय मात्र गप्प होता. त्यांनी उजवा बूटही काढायला लावला. तिथेही तेच. आता त्यांना भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही जास्त म्हणजे, काही उमगेनासं झालं. ओलं झालेलं ओलं कसं लागत नाही?

काकूंनी मोजे काढले. उजव्या पायाच्या करंगळीपाशी कातडी सोलवटून निघाली होती, लाल झाली होती. दुकानातल्या त्या लहान जोडाची ती करणी असणार.

"हे दुखत नाही?"

"काय?"

काकूंनी त्यांना भिंतीकडे बघायला सांगितलं. "आता लागतंय?"

"काय लागतंय?"

"मी बोट दाबतेय."

"कुठे?"

काकूंचं बोट अंगठ्यावरून चवड्यावर आलं, टाचेवर आलं, घोट्यावर आलं. काका स्वतः पाइपावर सांध्यासांध्याने गळती शोधत जायचे, तशाच त्या चालल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी थांबायच्या, विचारायच्या, आणि काका भिंतीकडे बघत नाही म्हणायचे. घोट्याच्या वर चार बोटं गेल्यावर काका म्हणाले, "आता. आता लागलं."

टॉवेल घेऊन काकू पाय पुसत राहिल्या, बोटांच्या बेचक्यांतून, अगदी हळू. काकांना तेही फक्त दिसत होतं.

"मला वाटलं, बूट चांगले आहेत," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, साखर बघून भुवया उंचावल्या, कंप जाणवतो का ते बघायला पायाला थरथरणारा चिमटा लावला आणि सांगितलं की पायाच्या नसा मंदावल्या आहेत. काका त्यांच्याशी वाद घालायला लागले. दुखत काहीच नाही, मग दुखणं आहे कसं? मुंग्या यायच्या पूर्वी, त्याही थांबल्या, म्हणजे सुधारणाच झाली की. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही सांध्यातला आवाज थांबला म्हणून गळती थांबली असं धरता का?" काकांना पटलं, पण समजलं असं काही म्हणता येत नव्हतं. आपल्याच घरातली एक खोली आपल्याला न सांगता बंद व्हावी, हे कुणाला समजेल?

मोटारसायकल चालवायची नाही, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं. ज्या पायाला ब्रेक कळत नाही, त्याच्या भरवशावर दोन जीव सोडता येणार नाहीत. जखम भरली की मागे बसून जायला हरकत नव्हती. रोज पाय डोळ्यांनी तपासायचे, बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, आणि बूट घेताना पायाला विचारायचं नाही.

घरी येताना वाटेत काका म्हणाले, "तुला शब्द दिला होता. पुढे मी, मागे तू."

"तळ्यापर्यंत जायचा दिला होता," काकू म्हणाल्या. "कोणी कुठे बसायचं ते तुम्ही मागून चिकटवलंत."

काकांना रडू आलं. मोटारसायकलचं त्यांना वाईट वाटलंच, पण आपण इतके दिवस ऐटीत होतो, सगळे जोड बरे म्हणत होतो, याची जास्त लाज वाटली. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी नाक शिंकरलं. काकू शेजारी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत राहिल्या.

मेहुण्याने काही न विचारता जखम भरेपर्यंत तारीख पुढे नेली. चपलेचा किस्सा त्याने पुन्हा कधी कुणाला सांगितला नाही.

मग काका-काकू दोघं दुकानात गेले. काकांचे बूट काकूंनी घेतले. आत हात घालून प्रत्येक शिवण चाचपली, बोटांच्या पुढे किती जागा राहते ते दाबून बघितलं, दुकानदाराला उजेडाशी नेऊन चेनच्या मागची झडप कुठवर आहे ते दाखवायला लावलं. काका परक्याचे पाय असावेत तसे स्वतःचे पाय पुढे करून बसले होते. हा जोड चांगला, असं काकूंनी सांगितलं, आणि त्यांनी मान डोलावली.

मग काकू त्याच स्टुलावर बसल्या. आता पुढे त्या बसणार होत्या, गिअर आणि ब्रेक त्यांच्या पायाखाली येणार होते. दुकानदाराने बूट चढवले, चेन ओढली, आणि सवयीने विचारलं, "टोचतंय का कुठे?"

"हो," काकू लगेच म्हणाल्या.

दुकानदार दुसरा खोका आणायला वळला, तर काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते पुढे सरकून बसले.

"कुठे टोचतंय?"

"इथे. डाव्या करंगळीपाशी."

"कसं टोचतंय?"

"कसं म्हणजे काय? शिवणीची कड लागतेय. आत खडा गेल्यासारखं."

"आणि पाय टेकलास की?"

"की जास्त लागतं." काकूंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "पाऊल उचललं की कमी होतं. टाचेला मऊ आहे. घोट्याला जरा गार लागतंय, आतलं कापड नवं आहे ना."

काकांना बायकोचा हेवा वाटला, असा हेवा त्यांना आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता. आणि तरी ते ऐकताना बरंही वाटत होतं.

"अजून थोडं चाल," ते म्हणाले, "आणि सांग मला."

काकू उठल्या. न बसणारे ते बूट घालून त्या दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिल्या, आणि कुठे काय लागतंय ते एकेक करून काकांना सांगत राहिल्या.