उसना दिलेला फुलबॅक

बाळकुमचा धाकू पाटील मिठागराच्या बांधावर वाढलेला. छाती रुंद, पाय दणकट, हाक मारली तर खाडीपल्याड जाईल. हॉकीला लागणारं सगळं त्याच्याकडे होतं. फक्त हॉकी येत नव्हती.

सहा वर्षं तो कप्तान अँब्रोजच्या ठाण्याच्या संघात फुलबॅक, म्हणजे गोलापुढचा राखणदार होता. गोलाच्या हातभर बाहेरून चाललेला चेंडू दिसला की धाकूला राहवायचं नाही. तो धावत जाऊन स्टिक आडवी घालायचा आणि चेंडू वळून आपल्याच गोलात शिरायचा. गोलकीपर लिनो हात जोडायचा, "धाकू, तू नुसता उभा राहा रे बाबा!"

पण त्याला काढणार कोण? भात कापल्यावर ज्या शेतात सामने व्हायचे ते शेत धाकूच्या बापाचं होतं.

बावन्न सालच्या डिसेंबरात कल्याणचा संघ आला तो दहाच जणांचा. अकरावा मुलगी बघायला गेलेला. त्यांचा कप्तान हरिहर कानकोंडा होऊन म्हणाला, "एखादा गडी उसना द्याल का?"

अँब्रोजचे डोळे चमकले. "धाकूला न्या."

"खेळतो कसा?"

"सहा वर्षांत एकदाबी दमलेला नाय," अँब्रोज म्हणाला. ते खोटं नव्हतं.

धाकूच्या जागी मारुती आला. तीन वर्षं तो बाहेर बसून शेंगा खात होता. धाकू तोंड पाडून कल्याणच्या पिवळ्या सदऱ्यात घुसला. सदऱ्याची दोन बटणं तिथंच तुटली. हरिहरनं त्याला पुढच्या फळीत उभं केलं आणि त्याच्याकडे चेंडू द्यायचा नाही असं सगळ्यांना हळूच बजावलं.

मध्यंतराला ठाणेकर एका गोलानं पुढे होते. मग कल्याणच्या एकानं लांबून फटका मारला. चेंडू गोलापुढच्या सर्कलमधून खांबाच्या बाहेर निघालेला. धाकूला ते दिसलं आणि अंगावरचा सदरा कुठला याचं त्याला भान राहिलं नाही.

"लिनो, माझाऽऽ!" तो ओरडला.

लिनो सवयीनं बाजूला झाला. धाकूनं स्टिक आडवी घातली, चेंडू वळला आणि गोलात गेला.

धाकूनं मान खाली घालून कान पकडले. "चुकलं रं, लिनो!"

तेवढ्यात दहा पिवळे सदरे त्याच्यावर कोसळले. कुणी पाठ थोपटली, कुणी गालाचा मुका घेतला. बांधावर त्याची बायको आवडाबाई पदर खोचून नाचायला लागली. शेजारचा म्हातारा वैतागला, "बाय, गोल आपल्यावर झाला!"

"झाला तं झाला! घातला कोनी?"

मग धाकूच्या अंगात वारं शिरलं. दिसेल त्याच्याकडे तो चेंडू मागायला लागला. मिळाला तेव्हा पहिला फटका विहिरीत गेला. दुसऱ्यानं पंचाची टोपी उडवली. तिसऱ्याला चेंडू जागेवरच राहिला, स्टिक मात्र तुटून पेंढ्याच्या उडवीवर जाऊन पडली. सामना एक-एक सुटला.

शिट्टी झाल्याबरोबर हरिहर अँब्रोजकडे आला. "पुढच्या रविवारी मोहने गावी आमचा सामना आहे. धाकूला पाठवाल?"

"नाय जमायचं. आमचा गडी हाय तो."

"मघाशी तुम्हीच दिलात की!"

"उसना दिलेला! कायमचा नाय!"

"अहो, तुम्हाला त्याची किंमत नाही!"

"तुमाला कालपरेंत त्याचं नाव तरी ठावं होतं काय?"

दोघांचे आवाज चढले. लिनो मधे पडायला गेला तर धाकूनं त्याला हाताला धरून मागे ओढलं. उघड्या सदऱ्यानं, घामानं निथळत तो दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. जन्मात पहिल्यांदा त्याच्यासाठी कुणीतरी भांडत होतं.

"भांडा, भांडा," तो म्हणाला. "पन जरा मोठ्यानं. आवडी लांब उभी हाय."