पाच तासांची वाट

तुळजाबाईंनी पुन्हा फोन लावला आणि पुन्हा तीच रेकॉर्ड केलेली बाई बोलली. दुपारचे बारा वाजून गेले होते. जयसिंगचं विमान पहाटे दीडला मुंबईहून उडालं. सातला न्यूयॉर्कला टेकायचं, हे त्यांनी तिकिटावर स्वतः वाचलं होतं. मग पोर गेलं कुठं? त्या अनवाणीच जिना उतरल्या.

खालच्या मजल्यावर श्यामलाबाई राहत. शाळेत भूगोल शिकवत. त्यांनी आधी तुळजाबाईंना पाणी दिलं, मग कॉम्प्युटरवर पाहिलं. विमान अजून वरच होतं.

“साडेचारला उतरेल, मावशी. पंधरा तास लागतात. तिकिटावर उतरायची वेळ तिथल्या घड्याळाची असते. तिथे सकाळचे सात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ.”

तुळजाबाईंचा जीव भांड्यात पडला. पण तिथे फार वेळ राहिला नाही.

जयसिंग गेली चार वर्षं तिकडे होता. फोनबिन सगळं नवराच बघायचा, त्यामुळे पोर किती वाजता पोचतं याची पंचाईत तुळजाबाईंनी कधी केली नव्हती; तो पहिल्यांदा गेला तेव्हाच्या तिकिटावरही दीडला निघून सातला पोचायचं असं वाचलेलं, तेवढंच त्यांच्या लक्षात होतं. आणि पंधरा दिवसांपूर्वी नवराच गेला. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत थांबून अखेर धाकट्या दिरानं, हिंदुरावांनी अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी जयसिंग दारात आला, तेव्हा अख्ख्या भावकीसमोर त्या त्याच्यावर कडाडल्या होत्या.

“पाच तासांची वाट. सोलापूरची एष्टीबी एवढा वेळ घेती. बापाला खांदा द्यायला तुला सवड न्हवती?”

भावकीत विमानात बसलेलं कुणी नव्हतं. आईची चूक दाखवणार कोण? जयसिंग मान खाली घालून उभा राहिला. तेरावं होईपर्यंत घरात वावरला, पण आपल्या बाजूनं अवाक्षर काढलं नाही. चुलते त्याच्या हातचा चहासुद्धा घेईनात. आता ते सगळं आठवून तुळजाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटच्या पोराला आपण चारचौघांत दोषी ठरवलं, तेही स्वतःच्या अडाणीपणापायी.

पाचच्या सुमारास फोन वाजला.

“पोचलो, आई.”

“जयसिंग, मला ठावं न्हवतं रं. पंधरा तास लागत्यात म्हणं. लोकांत तुला नको ते बोलले, चुकलं माझं. उद्याच भावजींना सांगते. समद्यांना सांगते.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. पोर रडतंय, असं त्यांना वाटलं.

“कुणाला काही सांगू नकोस, आई,” तो म्हणाला. “पंधरा तास लागूनही अग्नी द्यायला वेळेत पोचलो असतो. फोन आल्यावर मी लगेच निघालोच नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक मीटिंग होती. ती उरकून निघालो.”

तुळजाबाईंनी फोन ठेवला. सांज होऊनही त्यांनी घरात दिवा लावला नाही.

सकाळी हिंदुराव आले. पोरगा पोचला का, असं त्यांनी तुटकपणे विचारलं. किती वेळ लागला, हेही विचारलं. त्या आवाजात बोच होती.

तुळजाबाई परातीतलं पीठ मळत राहिल्या. मान वर न करता म्हणाल्या,

“लई लांब हाय भावजी ते. मलाच कळलं न्हवतं. दोन दिस लागत्यात.”