बैलाच्या खांद्यावरचा फेस

सोमवार उजाडला की खटकचिंचोळीत वाचासिद्ध महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नसायची. हिरड्या सुजलेले, दाढ ठणकणारे, तोंडाला वास येणारे सगळे रांगेत उभे. महाराज भगव्या कापडात गुंडाळलेल्या बाटलीतून झाकणभर तीर्थ देत. भक्तानं ते तोंडात धरलं की बघता बघता ओठांतून पांढराशुभ्र फेस उतू जाई. "बघा, पाप बाहेर पडायलंय," महाराज म्हणत. जितका फेस जास्त, तितकं पाप मोठं. मग महाराज स्वतः एक घोट घेत आणि तोंड उघडून दाखवत. फेसाचा टिपूसही नसे. लोक हात जोडत. तीर्थ उन्हात नेऊ नका, तेज उडतं, अशी वर सक्त ताकीद.

सुरुवातीला हे नुसतं हिरड्यांचं औषध होतं. असाच घरगुती उपाय पुष्कळांनी मोबाइलवर पाहिलेला, त्यामुळे विश्वास चटकन बसला. पण औषध विकून माणूस फार तर दुकानदार होतो. महाराज व्हायचं तर पाप लागतं, आणि पापाला कुणाचं तरी तोंड लागतं.

ते तोंड मिळालं नागरत्नाचं. जगदेवप्पांची सून, पाचवा महिना चाललेला. दात घासताना रक्त येतं, एवढीच तिची तक्रार. सासू चन्नव्वा तिला मांडवात घेऊन गेली. महिन्याभरापूर्वी जगदेवप्पांना अर्धांगाचा झटका आला होता आणि त्याच्या आदल्या दिवशी सासऱ्या-सुनेची तंबाखूवरून बोलाचाली झाली होती. ही बातमी महाराजांच्या कानावर आधीच गेलेली. नागरत्नाच्या तोंडातून फेस हनुवटीवर ओघळला. चन्नव्वानंही घोट घेतला, तिला काहीच झालं नाही. महाराजांनी डोळे मिटून निकाल दिला, "हिच्या जिभेत विष हाय. हिच्या बोलण्यानंच सासरा आडवा झाला."

शिक्षाही सांगितली. एकवीस दिवस, दिवसातून तीनदा तीर्थाची चूळ धरायची. गोठ्यात राहायचं, कुणाशी बोलायचं नाही. तरी फेस थांबला नाही तर माहेरी धाडायची, नाहीतर पोटातल्या लेकरालाही विष लागेल. नवरा राजशेखर बीदरला सरकारी कचेरीत नोकरीला, चांगला पदवीधर. आईचं मन कसं मोडायचं, म्हणून तो गप्प बसला. शिकून एवढंच शिकला असेल तर ती पदवी चुलीत घालावी.

चौदाव्या दिवशी, तोही सोमवारच, मन्नाएखेळ्ळीहून नागरत्नाचे वडील तिप्पण्णा आले. तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. लेक गोठ्यात पोत्यावर बसलेली. तिनं इकडेतिकडे पाहून हळूच तोंड उघडलं. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, सालपटं निघत होती.

"अप्पा, पेजबी गिळंना," ती कुजबुजली.

तिप्पण्णांनी तिची बाटली मागितली आणि थोडं तीर्थ बोटावर घेतलं. थोड्या वेळानं बोटाचं टोक पांढरं पडून चुणचुणायला लागलं. शेजारी घरचा बैल बांधलेला होता, जुवानं त्याचा खांदा सोलवटला होता. तिप्पण्णांनी झाकणभर तीर्थ त्या जखमेवर ओतलं. फसफसून फेस आला. हा फेस त्यांनी तीस वर्षं पाहिला होता. त्यांना महाराजाचा संताप आला, आणि त्याहून स्वतःचा आला. दहा दिवसांपूर्वी लेकीनं चोरून फोन केला, तेव्हा "सासूचं ऐक बाई" असं सांगून त्यांनीच फोन ठेवला होता.

त्यांनी बैलाचं दावं सोडलं, लेकीला उठवलं आणि थेट मांडवाची वाट धरली. मागून चन्नव्वा ओरडत आली, तिच्यामागे रजेवर घरी आलेला राजशेखर. बैल मांडवात शिरला तशी रांग फाकली, लोक हसायला लागले.

तिप्पण्णांनी महाराजांसमोरची बाटली उचलून सगळ्यांदेखत बैलाच्या खांद्यावर ओतली. भला मोठा फेस चढला आणि हसणं थांबलं.

"ह्या बैलानं कुणाला शिव्या दिल्या, सांगा," तिप्पण्णा म्हणाले.

मागच्या जन्माचं पाप असेल, असं महाराज म्हणाले. आणि चारदोन डोकी चक्क हलली! बैल पुढ्यात उभा, फेस डोळ्यांसमोर, तरी माना हलतात. अशा वेळी कपाळावर हात मारण्यापेक्षा आवाज चढवावा, आणि तिप्पण्णांनी तो चढवला. हे तीर्थ नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, जखम धुवायचं औषध, मेडिकलच्या दुकानात मिळतं. रक्ताला, थुंकीला लागलं की त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतो, त्या वायूचे बुडबुडे म्हणजे हा फेस. खरं वाटत नसेल तर बटाटा कापून त्यावर ओता, बटाटाही पापी निघेल. उजेडानं ते खराब होतं, म्हणून बाटलीला कापड. आणि हे इतकं कडक आहे की त्यानं हिरड्या भाजतात. भाजल्या की रक्त येतं, रक्त आलं की आणखी फेस. एकवीस दिवसांत काय, एकवीस वर्षांतही तो थांबला नसता.

महाराजांचा हात गादीमागे काहीतरी लपवताना दिसला, तसा तिप्पण्णांनी तिथं हात घालून दुसरी बाटली काढली. तसलंच भगवं कापड. तीही बैलाच्या खांद्यावर ओतली. नुसतं पाणी ओघळलं.

"हे तुम्ही पिता. आन् त्या दिवशी चन्नव्वा अक्कांना हेच दिलंत."

चन्नव्वा पुढे आली. बैलावर ओतलेल्या पहिल्या बाटलीत तळाशी घोटभर उरलं होतं. कुणी अडवायच्या आत तिनं ते तोंडात घेतलं. तिच्या ओठांतून फेस आला, हनुवटीवरून लुगड्यावर पडला. ती थुंकली, तोंड पुसलं आणि सुनेकडे बघायची हिंमत न होऊन खाली बसली.

नागरत्ना मात्र सासूकडे बघत नव्हती, महाराजाकडेही नाही. चौदा दिवसांनी ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, नवऱ्याशी.

"आई अडाणी हाईत. तुम्ही कामून गप बसलात?"

राजशेखरला उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी महाराज गाव सोडून गेले होते. बीदरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नागरत्नाला तपासलं. गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येतं, हे अनेकींना होतं. दात नीट घासायचे, दवाखान्यात साफ करून घ्यायचे. पेरॉक्साइड कधीमधी देतात, पण भरपूर पाणी घालून, थोडे दिवस, डॉक्टर सांगतील तेवढंच. त्यानं हिरड्यांखाली साचलेली घाण निघत नाही. आणि पाप तर निघतच नाही.

तेव्हा बाबांनो, फेस दिसला की हात जोडायची घाई करू नका. आधी विचारा, दुसऱ्या बाटलीत काय आहे. आणि तुमच्या घरातल्या कुणाला उद्या कुणी पापी ठरवलं, तर मोबाइल खाली ठेवून तिथंच उभे राहा आणि तोंड उघडा. नाहीतर नागरत्नानं विचारलेला प्रश्न तुमच्या घरातही कुणीतरी विचारेल, आणि तेव्हा तुमच्याकडेही उत्तर नसेल.