फ्रीजरमधले दोन दिवे

बोळिंजमध्ये पारा अठरावर आला की आमचे हे कानटोपी चढवतात आणि बाल्कनीचं दार लावायला मला हाक मारतात. असा माणूस सायकलवर स्पितीला जाणार! तेही दुसऱ्यांदा, चोपन्नाव्या वर्षी. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हनुवटीला टाके पडतात त्याचं काय?

गेल्या वर्षी तिथल्या गारठ्यात, पहाटेच्या अंधारात, उतारावर सायकलचा दिवा विझला आणि आत्माराम थेट खड्ड्यात. तीन टाके. मला फोनवर म्हणाले, "दाढी करताना लागलं." घरी आल्यावर मी खुणा बघितल्या, आणि यंदा त्यांनी पुन्हा तिकीट काढलं तेव्हा सांगून टाकलं, "यंदा दिवा थंडीत चार तास टिकला तरच जायचं. नाहीतर तिकीट रद्द."

"मान्य," म्हणाले. मग महिनाभर घरात सेल, सेल आणि सेल. भाजी काय करू विचारलं तरी उत्तर चार्जिंगचंच. शेवटी दोन दिवे उरले. एकात बॅटरी आतच बसवलेली, वायर लावून चार्ज करायची. दुसऱ्यात चार्ज होणारे तीन सेल घालायचे, हवे तेव्हा बदलता येणारे. कुठला न्यायचा ते थंडी ठरवणार, आणि आमच्याकडे थंडी काय ती फ्रीजरमध्येच.

रविवारी सकाळी दहाला त्यांनी दोन्ही दिवे लावून फ्रीजरमध्ये ठेवले, आगाशीच्या बाजारातून आणलेल्या कोलंबीच्या डब्याशेजारी. "दोनपर्यंत टिकले तर पास. परीक्षक तू," म्हणाले आणि सोसायटीच्या मीटिंगला गेले.

दोनला परत आले तर दोन्ही दिवे लख्ख! नाचायचेच काय ते बाकी होते. तेवढ्यात कोलंबीच्या डब्याला हात लागला.

"लतिका, ही तर मऊ पडलीय. फ्रीजर किती वेळा उघडलास?"

"एकदोनदा."

"खरं सांग."

"दर पाच मिनिटांनी," मी म्हटलं. "चालू आहेत का बघायला."

"म्हणजे विझायची वाट बघत होतीस! मी जाऊ नये म्हणून." हसायलाच लागले.

मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण दर वेळी दार उघडताना छातीत धडधडायचं आणि उजेड दिसला की जीव भांड्यात पडायचा. "विझू नये असं वाटत होतं हो," मी म्हटलं.

त्यांचं हसू थांबलं. "अगं, पण तिथे उघडून बघायला तू नसशील. ही परीक्षा धरायची नाही."

पुढच्या रविवारी पुन्हा दिवे आत गेले. या वेळी फ्रीजच्या दाराला चिकटपट्टी, आणि परीक्षकाची रवानगी आगाशीच्या बाजारात. दोनला चिकटपट्टी काढली. वायरवाला दिवा ठार. सेलवाला नुसता मिणमिणत होता, त्यात पुढचा खड्डासुद्धा दिसला नसता.

आत्माराम स्टुलावर बसले. "शब्द दिला होता. तिकीट रद्द करतो." चेहरा असा केविलवाणा की मला धड रागावताही येईना.

मी सेल काढले. बर्फासारखे गार होते. दोन्ही मुठींत धरून बसले. वीस मिनिटांनी परत घातले, तर दिवा चांगला उजळला.

"अगंबाई!" मीच ओरडले. "वायरवाला घरी ठेवा, हा न्या. सेलांचा दुसरा संच अंगाशी, उबेत ठेवायचा. दिवा मंद झाला की बदलायचे आणि गार झालेले आत घ्यायचे."

"हे मला कसं नाही सुचलं?"

"कानटोपीतून आत काही शिरत नाही."

"पण चार तासांची अट?"

"अट माझी, मोडणारी मीच."

संध्याकाळी मी शिलाई मशीन काढलं आणि त्यांच्या लोकरी बनियनला आतून, छातीवर डावीकडे, खिसा शिवला. त्यांनी घालून बघितलं, सेल टाकले, वरून थोपटलं.

"आता नवीन अट," मी दोरा तोडत म्हटलं. "रोज रेंज मिळाली की फोन. आणि लागलं असेल तर लागलं म्हणायचं, दाढीचं नाव घ्यायचं नाही. माझी उघडून बघायची सवय काही जाणार नाही."