वाटीभर मलम, थेंबभर पाणी

मी एक कान तुटलेली, जुनी लोखंडी कढई आहे. मित्रांनो, दर्यापूरकडच्या एका गावात पंचफुलाच्या चुलीवर माझी उमर गेली. माझ्यात तिने भाजी कधी केली नाही. तिळाच्या तेलात निंबाचा पाला आणि हळद टाकून ती मंद आचेवर कढवायची आणि गुणगुणायची,

निंबाचं कडू पान तेलामंदी निवलं,
कोनाचं दुखनं वो माह्या चुलीपाशी आलं.

मग तेलात कापसाची वात बुडवून पेटवायची. वात तडतडली, तर तेलात अजून पाणी आहे. मुकाट जळली, की तेल गाळून त्यात मेण घालायची. असे मलम वर्षभर नासत नसे. पाटलाचे गडी बैलांच्या सोललेल्या खांद्यांसाठी ते घेऊन जात आणि बैल बरे होत.

पंचफुलाच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात पाटलाच्या सात वर्षांच्या मुलीचा, माणिकचा हात उकळत्या वरणात भाजला. तिची आई दुर्गाबाई वाटी घेऊन आली. वाटी अंगणाबाहेर ठेवून दूर उभी राहिली. पंचफुलाने वरून मलम ओतले. दुर्गाबाईने सोवळ्यासाठी त्यावर तांब्यातले पाणी शिंपडले.

"पानी नोका टाकू, बाई. नासते ते. बैलासाठी नेता तवा कुठी शिंपडता?"

"बैलाले कायचा इटाळ? अन् तू मले शिकवशीन? धरम बदलला तं डाक्टरीण झाली काय वं?"

पाणी मलमाखाली जाऊन बसले.

पंधरा दिवसांनी पंजाबराव पाटील आले. त्यांनी वाटी अंगणात फेकली. आत हिरवी बुरशी होती. माणिकच्या हातात पू झाला होता, बोटे एकमेकांना चिकटली होती.

"काय कालवलं होतं वं याच्यात?"

"तुमच्या घरचं पानी, पाटील."

त्यांनी मला लाथेने चुलीवरून उडवले. दगडावर माझा कान तुटला. कढते तेल पंचफुलाच्या पायांवर सांडले. त्या दिवशी तिच्या पायांना लावायला घरात मलम नव्हते. पुन्हा तिने कधी केलेही नाही.

आता कोंबड्या माझ्यात पाणी पितात आणि मी गंजते आहे. माणिक मोठी झाली. डाव्या कडेवर घागर घेऊन अंगणावरून जाते. उजवा हात पदराखाली असतो.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणत नाही. तुमच्या घरचे लेकरू भाजले, तर त्याला निदान बैलाइतके तरी जपा.