धरमकाट्यावरची खोली

"कार काढा. नुसती खोली राहू द्या काट्यावर," वजनकाट्यावरचा वीरेश खिडकीतून ओरडला.

आनंदराजने हुक सोडला. उदगीरच्या मोंढ्यात तुरीचा ट्रक मागे हॉर्न देत होता. खोली म्हणजे दोन चाकांवरचा पत्र्याचा डबा. आत पाण्याची टाकी, कूलर, खाट. खाटेवर महामाया, त्याची बायको.

कार आधीच मोजली होती : ८७० किलो.

खोली : १२४०.

"ओढतीया की कार! इथवर आली न्हाई का?" शंकरप्पा म्हणाला. खोली त्यानेच वेल्डिंग करून बांधली होती.

"ओढायचं काय, शंकरप्पा. उतारावर थांबवणार कोण? मागचं जड झालं की पुढच्याला ढकलत नेतंय."

एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या आनंदराजला उतार ठाऊक होते.

लोह्याला जायचं होतं, महामायाच्या माहेरी. दुखणं पाठीच्या हाडात शिरल्यापासून तिला बसवत नव्हतं. जायचं तर याच महिन्यात, असं डॉक्टर म्हणाले होते. ॲम्ब्युलन्सला तिने साफ नकार दिला. "भाऊ दारातच गळा काढील. मी माज्या घरात निजून जाईन."

म्हणून हे घर.

टाकी रिकामी केली : १०९०.

कूलर, सिलिंडर, भांड्यांची पेटी खाली : १०२०.

"अजून लई जड हाय," आनंदराज म्हणाला.

"मग मला उतरवा की," आतून महामाया.

"तुला उतरवून काय रिकामी खोली नेऊ लोह्याला?"

"बघा तर."

त्याने तिला उचललं आणि कडेच्या रिकाम्या पोत्यांवर निजवलं. आकडा जेमतेम हलला. वीरेश खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काका, काकू उतरल्या न्हाईत का अजून?"

९८०.

आनंदराजने महामायाला परत खाटेवर निजवलं.

"माजा ट्रॅक्टर घेऊ, डायवरसाब," शंकरप्पा हळूच म्हणाला. "दोन टनाचा हाय. खोली त्याला ढकलायची न्हाई. पर सावकाश जावं लागंल. दिवस मावळंल."

"मावळू दे."

"चालवा मग तुमी."

"तू चालव. मी हिच्यापाशी बसतो."

मागे जोडलेल्या गाडीत माणूस बसवून न्यायचा नसतो, हे त्याला ठाऊक होतं. एकतीस वर्षांत त्याने कुणाला साधं टपावर बसू दिलं नव्हतं.

जळकोट मागे पडलं. खाटेचे पाय त्याने खोलीच्या सांगाड्याला दोरीने बांधले होते, तरी एक हात खाटेवर होताच. समोरच्या खिडकीतून शंकरप्पाची पाठ दिसत होती आणि तिच्यापुढे खाली जाणारा रस्ता. उतार लागला. इंजिनाचा आवाज बदलला.

महामायाचं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. उजवं पाऊल पत्र्यावर घट्ट दाबलेलं होतं.

"अवो, गाडी तो चालवून राहिलाय. पाय सैल सोडा."

"हाव," तो म्हणाला.

उतार संपेपर्यंत त्याने पाऊल उचललं नाही.