लग्न झालेल्यांना कोण विचारतं?

"फादर, तुम्ही लग्न का नाही केलं?"

विचारलं! मीच विचारलं. नववी ब मधली रुचिरा, जी गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटायची. पैज माझ्या बाकावरच्या नाजिशनं लावली होती: विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी वाहीन. आमच्याच वर्गातली रखमी मिशनच्या वसतिगृहातच राहते, ती आधीच घाबरली होती. "माजं नाव नको घेव हां. मना इथंच ऱ्हायचंय."

फादर बावतीस मूळचे वसईचे. वसतिगृहाच्या ओट्यावर दर शनिवारी ते इंग्रजी शिकवतात, आम्हा जव्हारमधल्या मुलींनाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पैज कशावर लागलीय?"

"दप्तरावर," नाजिश बोलून गेली आणि सगळ्या खिदळल्या.

फादरही हसले. मग म्हणाले, "विशीत असताना वाटलं, सगळं आयुष्य या कामाला द्यावं. आमच्यात त्यासाठी लग्न सोडावं लागतं. जेवायला बसलो की कधी कधी फार एकटं वाटतं. खोटं कशाला सांगू?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ एकदा सुटली की सुटली.

"मग यंदा पेपरात आलंय ते? अमेरिकेतल्या फादरांनी लहान मुलांना..."

नाजिशनं मला करकचून चिमटा काढला. फादरांनी पेन खाली ठेवलं.

"खरं आहे ते. आणि चर्चमधल्या वरच्यांनी ते झाकलं, हे आणखी वाईट. एका गावात तक्रार आली की दुसऱ्या गावी बदली."

"लग्न करत नाहीत म्हणून होतं का तसं?"

"काही जण म्हणतात, हो. माणूस एकटा पडला की बिघडतो, आणि सगळेच एकटे म्हणून एकमेकांना सांभाळून घेतात. काही म्हणतात, याचा त्याच्याशी संबंध नाही, संसारी माणसंही हेच करतात. मला पक्कं सांगता येणार नाही, रुचिरा. पण लेकराला हात लावणाऱ्याला एक खात्री असते. याचं कोणी ऐकणार नाही आणि आपल्यावर कोणी संशय घेणार नाही." मग म्हणाले, "माझ्यावर घ्या खुशाल. फादर आहे म्हणून मला सोडू नका."

एवढं धाडस केल्यावर पोटात कुठलं राहणार? रात्री जेवताना मी घरी सगळं सांगून टाकलं. तीच माझी चूक. बाबा आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आहेत, फायलीवर सही करावी तसा त्यांनी निकाल दिला.

"त्या क्लासला जाणं बंद. बिनलग्नाचा माणूस म्हणजे उकळत्या भांड्यावरचं झाकण. कधी उडेल सांगता येत नाही."

"निमकर सरांकडे जा पुन्हा," आई म्हणाली. "बायको आहे, दोन मुली आहेत. घर भरलेलं असतं."

माझा घास तोंडातच राहिला.

सहावीत असताना मी निमकर सरांकडे शिकवणीला जायचे. वही तपासताना ते जवळ बसवायचे. त्यांचा हात कुठं जायचा ते मी कुणालाच सांगितलं नाही. पलीकडच्या खोलीत काकू कणीक मळत असायच्या, बांगड्या ऐकू यायच्या. आम्ही मुली एकमेकींना फक्त एवढंच म्हणायचो, "दाराजवळ बस." मग मी पोटदुखीचं निमित्त करून ती शिकवणी सोडली.

दोन दिवस डोक्याचा नुसता भुगा. बाबांचं म्हणणं अगदीच चूक असेल का? एखाद्या फादरच्या बाबतीत एकटेपणाच नडला असेल. मला काय माहीत? पण निमकर सर कुठं एकटे होते? फादरांना अख्खा गाव विचारतो, लग्न का नाही केलं. पेपर वाचून तर त्यांच्याकडे टकमक बघतात. निमकर सरांना कोणी काय विचारणार? त्यांच्या घरी सत्यनारायण असला की आम्हीच प्रसादाला जातो. आणि मी तरी कधी बोलले?

मंगळवारी मधल्या सुट्टीत मी नाजिशला म्हटलं, "बाबा मला निमकर सरांकडे पाठवतायत."

तिनं डबा बंद केला. मग हळूच म्हणाली, "आमची अलिशा जाते ना हल्ली तिथं." अलिशा तिची चुलत बहीण. सहावीत.

"आणि तू तिला जाऊ दिलंस?"

"मी काय करू? सांगितलंय तिला, दाराजवळ बस."

आम्ही वाढलो, नववीत आलो, आणि पुढच्या मुलीला द्यायला आमच्याकडे एवढंच होतं?

संध्याकाळी आई म्हणाली, "वेणी घाल नीट, बाबा सोडतील तुला सरांकडे."

मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"मी जाणार नाही. सहावीत असताना निमकर सर मला नको तिथं हात लावायचे. तेव्हा नाही सांगितलं, आता सांगतेय."

आई मटकन खाली बसली. बाबा म्हणाले, "अगं, काय बोलतेस? त्यांना स्वतःच्या दोन मुली आहेत..."

"हो बाबा, आहेत. म्हणूनच तुम्ही मला तिथं पाठवत होतात." मी श्वास घेतला. "आता मी अलिशाच्या अम्मीकडे जातेय, आणि उद्या मुख्याध्यापिकाबाईंकडे. तुम्ही दोघं बरोबर आलात तर मला फार बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार."